दुसरी टाकी

ज्या माणसाला ग्लासभर पाणी सांडलेलं सहन व्हायचं नाही, त्याला नोकरी मिळाली ती चांगलं पाणी गटारात ओतण्याची. दामूभाऊ सुरडकरांबद्दल मला सांगायचं आहे ते मुळात एवढंच. बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

मी त्या प्रकल्पावर तीन वर्षं केमिस्ट होते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं सांडपाणी तिथे यायचं. गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर उद्या कुणीतरी फोन करून विचारेल, आणि अशा वेळी मी खोटं बोलते, हे मला आता पक्कं माहीत आहे.

काम तसं सरळ होतं. मोरीचं, संडासाचं, धुण्याभांड्यांचं पाणी हौदांत घ्यायचं, त्यात हवा सोडायची, मग ते मेम्ब्रेनमधून ओढायचं, त्यात हायपो म्हणजे पातळ ब्लीच घालून जंतू मारायचे आणि पाइपाने खालच्या भाजीच्या मळ्यांना द्यायचं. मेम्ब्रेन म्हणजे पोकळ पांढऱ्या धाग्यांच्या जुड्या. खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या दिसतात. धाग्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. पाणी आत जातं, घाण बाहेर राहते. बाहेर राहिलेली घाण धाग्याला चिकटते, भोकं बुजतात आणि पंप ओढून ओढून दमतो. हे मी कॉलेजात दोन वर्षं शिकले होते. दामूभाऊंनी ते एका मिनिटात सांगितलेलं मी ऐकलं.

कुणी मोठे साहेब पाहणीला आले होते. आमच्या इंजिनिअरने इंग्रजीत बरंच काही सांगितलं आणि साहेब माना डोलावत राहिले. मग त्यांनी सहज बाजूला उभ्या असलेल्या दामूभाऊंना विचारलं, ''तुम्हाला कळतं का हो हे?''

''कळते ना साहेब. तुमच्या घरी चहाची गाळनी हाय ना? तिच्यात पत्ती अडकली तर ठोकली का निंगते. थे आमचं रोजचं. पन दुधाची साय बसली का ठोकून भागत नाई, तिले कडक पान्यानं धुवा लागते. थे हायपो. अन् साय निंगाली तरी खाली पांढरा खार राह्यतेच. आपल्या इकडचं पानीच जड, न्हानीतला बंब पाहा कसा पांढरा होते. त्याले चिंच लागते. थे ॲसिड.''

''म्हणजे आधी हायपो, मग ॲसिड.''

''हाव. अन् दोन्हीच्या मधात चांगल्या पान्यानं खंगाळनं. दोन टाक्या. दोघं समोरासमोर आले का भांडतात.''

साहेब खूश झाले. तेवढ्यात मागून पंजाबभाऊ मोरे, आमचे फिटर, म्हणाले, ''साहेब, यानं घरची गाळनी कधी खंगाळली नाई. पानी खर्च होते ना!'' सगळे हसले. दामूभाऊही हसले. ते खरंच असणार.

हे दोघं प्रकल्पावर एकाच महिन्यात लागले होते. पंजाबभाऊ उंच, बडबडे, खिशात सदा पाना. दामूभाऊ बुटके, सावकाश, खांद्यावर दुपट्टा. एकमेकांना दाम्या आणि पंज्या म्हणायचे, डबा एकत्र खायचे आणि दिवसभर कचाकचा भांडायचे. भांडणाचा विषय बहुतेक वेळा पाणी. पंजाबभाऊ हात धुताना नळ सोडून गप्पा मारत. दामूभाऊ उठून नळ बंद करत, पंजाबभाऊ साबणाचे हात घेऊन तसेच उभे. ''अबे, मी धुऊन राह्यलो ना!'' ''धुऊन राह्यला का बोलून राह्यला?'' हे मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. आधी गंमत वाटायची, मग कंटाळा यायचा. आता कान द्यायला तयार आहे, पण ऐकवायला कुणी नाही.

दामूभाऊंची पद्धत अशी की ते पाहुण्याला पाणी देताना आधी ''किती पिता?'' विचारायचे. मी पहिल्या दिवशी ''म्हणजे?'' असं विचारलं तर म्हणाले, ''अर्धा ग्लास का पुरा? उरलेलं मंग कोन पेनार?'' मी शहरात शिकलेली पोरगी. मला तो अपमानच वाटला. अमडापूरला त्यांच्या साडूच्या घरी लग्न होतं, आम्ही सगळे गेलो होतो. जेवणं झाल्यावर पाहतो तर दामूभाऊ कोऱ्या सदऱ्यात, कपाळाला अक्षता, आणि टेबलाटेबलावरच्या अर्ध्या प्यालेल्या बाटल्या गोळा करून बादलीत ओततायत. नवरीचा मामा धावत आला. त्याला वाटलं आचाऱ्याचा माणूस उष्टं पाणी परत वाढणार. चांगलीच बाचाबाची झाली. दामूभाऊंनी बादली उचलली, मांडवामागच्या लिंबाच्या झाडाला घातली आणि मामाला म्हणाले, ''आता बोला.'' त्यांची बायको लाजेने पदरात तोंड लपवून बसली होती. पंजाबभाऊ मात्र शेवटच्या दोन बाटल्या हातात घेऊन मागून गेले आणि गुपचूप त्याच झाडाला ओतून आले.

हे कुठून आलं, ते दामूभाऊंनी मला एकदाच सांगितलं, तेही विचारल्यावर. त्यांचं गाव म्हणजे उंद्रीच्या पुढची चाळीस घरांची वस्ती. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी पाझर येई तेवढा, आणि त्यांची आई आत उतरून वाटीने तो भरे. ''माही माय एका गुंडभर पान्यात आमा तिघा भावाईले न्हाऊ घाले मॅडम. पहिले लहान, मंग मधला, मंग मी. माह्यापर्यंत थे पानी राह्यत नव्हतं, थे चिखलच राहे. पन थेच पानी मंग वांग्याले.'' एवढं बोलून ते उठले आणि ओढीच्या पाइपावर तळहात ठेवून उभे राहिले. ही त्यांची दुसरी सवय. दाबाचा काटा लाल पट्ट्यात जायच्या दोन दिवस आधी त्यांना पाइपाच्या थरथरीवरून कळायचं. ''तनून राह्यला,'' म्हणायचे. ''परवा धुवा लागते.'' मी काटा पाहायची. काटा हिरव्यात असायचा. परवा ते धुवावंच लागायचं.

धुण्याचा दिवस आला की दामूभाऊंचा चेहरा उतरायचा. दोन दिवस नवं पाणी तयार व्हायचं नाही. साठवलेल्या चांगल्या पाण्यातून दोन काळ्या टाक्या भरून ठेवायच्या. मेम्ब्रेनच्या हौदातला हायपो काढला की पहिली टाकी त्यात सोडून खंगाळायचं, ते पाणी गटारात. मग दुसरी, तीही गटारात. मग मी हौदाच्या तळच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचा थेंब टाकून पाहायचं. पिवळं झालं तर हायपो अजून आहे, रंग आला नाही तर ॲसिड घालायला मोकळीक. कडक उन्हात, मळे डोळ्यांसमोर सुकत असताना, दामूभाऊ व्हॉल्व्ह फिरवायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे.

कुणाला वाटेल, हा माणूस कामात ढिला असेल. ढिला मुळीच नव्हता. एका वर्षी ठेकेदाराचा हायपो आला नाही. मेम्ब्रेनमधून पाणी येत होतं काचेसारखं, पण जंतू मारायला काही नाही. दामूभाऊंनी मळ्यांचा व्हॉल्व्ह बंद केला, वरचं चाक काढलं आणि डब्याच्या पिशवीत घालून ठेवलं. एप्रिल संपत आला होता. दुपारपर्यंत सगळे बागायतदार फाटकाशी. त्यांच्यात पुढे सकूबाई, अर्ध्या एकरात पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि वांग्याचं रोप करणारी, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबावा.

''काऊन बंद केलं बे दाम्या? तुह्या बापाचं हाय काय पानी?''

''पानी साऱ्याईचं हाय सकूबाई. पन औषध नाई त्यात.''

''साफ दिसते ना चांगलं!''

''जंतू काय रंग लावून येते काय? तुहा सांबार लोकं कच्चा खातात. लेकरं खातात. नाई सोडत.''

तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इंजिनिअर फोनवरून म्हणाले, सोडून द्या, कोण बघतंय. दामूभाऊंनी नाही सोडलं. तिसऱ्या दिवशी हायपो आला तेव्हा सकूबाईचं वांग्याचं रोप जळून गेलं होतं. संध्याकाळी ते एकटेच वाफ्यात जाऊन आले. डबा उघडलाच नाही. पंजाबभाऊंनी दोन्ही डबे उघडून पुढे ठेवले आणि म्हणाले, ''तू बरोबर होता बे. आता जेव.'' ते जेवले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी ते अमडापूरच्या बाजारात सकूबाईच्या भाजीच्या पालावर दिवसभर बसले. कुणीतरी ''हा गटाराचा पालक'' म्हटलं की तिच्या टोपलीतलं एक पान उचलायचं आणि त्याच्यासमोर कचकच चावून खायचं. तिचा माल विकला गेला. पण जळालेल्या रोपाचं त्यांच्या मनातून जाईना. चूक नसताना माणूस स्वतःला किती छळू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. चूक असताना किती कमी छळतो, हे मला माझ्यावरून कळलं, पण ते पुढे.

मे महिन्यात धुण्याचा दिवस आला. पहिली टाकी गटारात गेली. सकूबाई तारेच्या कुंपणापलीकडे उभी होती. या वेळी ती ओरडली नाही, नुसती उभी राहिली. त्याचाच त्रास जास्त झाला असावा. दामूभाऊ माझ्याकडे आले.

''मॅडम, दुसरी टाकी मळ्यात सोडू काय? औषध मारलेलं पानी हाय.''

''आणि खंगाळणं?''

''थेंब टाकून पाहा ना एकडाव.''

मी टाकला. पिवळा रंग आला, अगदी फिका. लिंबाचं फार पातळ सरबत असावं तसा. ''थोडा आहे अजून,'' मी म्हणाले.

''थोडाच हाय. आपलं ॲसिड नरम. लिंबातलंच थे.''

ते खरं होतं. तेव्हा आमच्याकडे सायट्रिक ॲसिड यायचं, पांढरी भुकटी. थोडा हायपो उरला तर नाकाला झणझणायचं, दोन खोकले यायचे, माणसं लांब सरकायची. धोका त्यातही होता. नशिबाने आम्ही निभावत होतो आणि त्याला आम्ही अनुभव म्हणत होतो. मी हो म्हटलं. दुसरी टाकी सकूबाईच्या आणि शेजारच्या चार मळ्यांत गेली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'खंगाळणे दोन टाक्या. क्लोरीन निरंक.' सही केली.

असं ते दोन उन्हाळे चाललं. नंतर दामूभाऊ विचारतही नसत. मी थेंबही टाकत नसे. थेंब टाकला तर तो पिवळा होणार, आणि पिवळा झाला तर मला काहीतरी ठरवावं लागणार. त्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या पंख्याखाली बसून रजिस्टर भरलेलं बरं. पंजाबभाऊंना सगळं माहीत होतं. ते दामूभाऊंना 'मळ्याचा मालक' म्हणून चिडवायचे. मळेकरी सणावाराला पालकाच्या जुड्या आणून द्यायचे. एक जुडी माझ्याही टेबलावर असायची. मी ती घरी न्यायची आणि भाजी करून खायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात धागे जुने झाले होते. धुतल्यावर आठवडाभरात पाइप तणायला लागायचा. खार निघत नाही म्हणून तक्रार गेली, तर ठेकेदाराने भुकटीऐवजी निळे ड्रम पाठवले. लेबल अर्धं फाटलेलं. मी उरलेलं अर्धं वाचलं. हायड्रोक्लोरिक. मी केमिस्ट आहे. हे आणि हायपो एकत्र आले तर काय होतं, ते शाळेतल्या मुलालाही सांगता येतं. मी ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, ''तेच आहे हो मॅडम, जरा कडक आहे. काम लवकर होईल.'' मी फोन ठेवला. दामूभाऊ ड्रमजवळ उभे होते.

''मॅडम, हे तेच काय?''

या प्रश्नाचं उत्तर मी रोज नव्याने देते. आंघोळ करताना, भाकरी थापताना. ''नाही दामूभाऊ, हे वेगळं आहे, आज दोन्ही टाक्या गटारात गेल्याच पाहिजेत,'' असं एक वाक्य. ते बोलायला श्वास लागतो तेवढाच लागला असता. मी म्हणाले, ''ॲसिडच आहे. जरा जपून.''

सकाळचे दहा वाजले असतील. पहिली टाकी गटारात गेली, दुसरी मळ्यात. मी आत जाऊन रजिस्टर भरलं. बाहेर ॲसिड हौदात सोडायला सुरुवात झाली. हौदाला लागून खाली व्हॉल्व्हचा खड्डा होता, पुरुषभर खोल, लोखंडी पायऱ्यांचा. त्यातला व्हॉल्व्ह गळायला लागला. पंजाबभाऊ खिशातला पाना काढत खाली उतरले. शेवटचं मी जे ऐकलं ते, ''दाम्या, जरासं धीरानं सोड, मी आवळून घेतो.'' मग खोकला. तो खोकला मी आधी ऐकलेल्या कुठल्याच खोकल्यासारखा नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा खड्ड्यात पिवळट हिरवं धुकं साचलेलं होतं. हा क्लोरीन वायू जड असतो, वर येत नाही, खड्ड्यात बसून राहतो. दामूभाऊंनी दुपट्टा बादलीत बुडवला, तोंडाला बांधला आणि खाली उतरले. गॅसचे मुखवटे कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, किल्ली इंजिनिअरकडे होती आणि इंजिनिअर बुलढाण्याला गेले होते. मी आणि चौकीदाराने दोरी सोडली. दामूभाऊंनी पंजाबभाऊंच्या काखेतून दोरी घेतली, आम्ही ओढली, मळ्यातली माणसं धावत आली. सकूबाईनेही दोरी ओढली. पंजाबभाऊ वर आले. दामूभाऊ स्वतःच्या पायांनी वर आले आणि कुंपणाशी पडले.

भाजीच्या टेम्पोतून दोघांना नेलं. पंजाबभाऊ तिसऱ्या दिवशी गेले. छातीत पाणी भरलं होतं म्हणाले डॉक्टर. दामूभाऊ महिन्याने घरी आले, पण आवाज गेला होता. राहिली होती ती नुसती फुस्सफुस्स, आणि दहा पावलं चाललं की थांबणं.

चौकशी लागली. प्रकल्पावरच टेबल टाकलं होतं. चौकशीचे साहेब, पुढे माझं रजिस्टर, बाजूला ठेकेदाराचा माणूस. दामूभाऊंना भावाने धरून आणलं होतं. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

''साहेब, दुसरी टाकी मी मळ्यात सोडली. खंगाळनं अर्धंच झालं. पंजाब त्याच्यानं गेला. लिहून घ्या.''

साहेबांनी दोनदा विचारलं, कारण ऐकू येत नव्हतं. दामूभाऊंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला.

''पण रजिस्टरमध्ये तर दोन टाक्यांची नोंद आहे.''

''थे चुकीचं हाय.''

मळेकऱ्यांना बोलावलं. त्या दिवशी मळ्यात पाणी आलं होतं का? एकेक करून सगळे नाही म्हणाले. सकूबाई सगळ्यात शेवटी आली. दामूभाऊंकडे न बघता म्हणाली, ''आमाले काई माहीत नाई बाप्पा. आमी तं त्या दिवशी बाजारात होतो.'' मळ्याचं पाणी तुटेल ही भीती होती. तिला मी नावं ठेवणार नाही. तिच्यापुढे निदान वाळणारा पालक होता.

मग साहेब माझ्याकडे वळले. ''मॅडम, ही सही तुमची?''

''हो.''

''नोंद बरोबर आहे?''

खोलीत पंखा फिरत होता. दामूभाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत धाक नव्हता, राग नव्हता. आता मॅडम सांगतील, एवढंच होतं. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास का होता ते मला कधीच कळलं नाही.

''नोंद बरोबर आहे,'' मी म्हणाले.

अहवाल छोटा होता. खंगाळणी नियमाप्रमाणे झाली. फिटर मोरे मुखवटा न घालता खड्ड्यात उतरले. अपघात त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. ऑपरेटर सुरडकर यांच्या मनावर परिणाम झाल्याने त्यांचा जबाब ग्राह्य धरलेला नाही. दामूभाऊ त्यानंतर जिथे जिथे गेले, तहसीलला, ठेकेदाराच्या दारात, वर्तमानपत्रवाल्याकडे, तिथे तिथे त्यांची मागणी एकच होती, माझी चूक माझ्या नावावर लिहा. आपल्याकडे दुसऱ्यावर ढकलायला माणसं रांग लावून उभी असतात. हा एकटा माणूस स्वतःवर ओढून घ्यायला निघाला, तर कुणी लिहून घेईना. पंज्या आपल्या मरणाने मेला, आपल्याच चुकीने मेला, असं त्याच्या बायकोने, लताने, जन्मभर ऐकायचं, हे त्यांना सोसत नव्हतं. लोक म्हणत, गॅस डोक्यात गेला बिचाऱ्याच्या.

मी तीन महिन्यांनी अकोल्याला नोकरी धरली. तिथे मेम्ब्रेन नाहीत, खड्डा नाही. दिवस गेले. मग एका दुपारी, काही विशेष घडलं नसताना, मी कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. दुसरी टाकी, निळे ड्रम, न टाकलेला थेंब, सही. लिहायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासासाठी मला दीड वर्ष लागलं होतं. तो अर्ज घेऊन मी उंद्रीच्या पुढे त्यांच्या वस्तीवर गेले. आधी त्यांना दाखवायचा आणि तिथूनच बुलढाण्याला जाऊन द्यायचा, असं ठरवलं होतं.

दामूभाऊ ओट्यावर बसले होते. खूपच वाळले होते. बायको शेतात गेली होती. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणून हात केला. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो बोट फिरवत वाचला. एक पान वाचायला फार वेळ लागला, मधे दोनदा खोकले. शेवटी माझी सही होती, तिच्यावर बोट थांबलं. मग त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

''नका देऊ,'' ते म्हणाले. मी पुढे वाकले तेव्हा ऐकू आलं.

''का दामूभाऊ? तुम्हीच तर...''

''लताले घेतलं त्याईनं. पंज्याच्या जागी. पंपावर.'' ते थांबले, श्वास घेतला. ''सही घेतली तिची. चौकशी मान्य हाय म्हणून. आता हे वर गेलं तर पहिले तिचीच नोकरी जाईल.''

''तिला खरं माहीत आहे?''

''मी सांगतलं ना. पाय धरले तिचे.'' पुन्हा खोकला आला. तो जाईपर्यंत मी अंगणाकडे पाहत राहिले. ''म्हने भाऊ, मले माहीत होतं, हे घरी सांगत होते, दाम्या मळ्याले पानी देते म्हणून. तुमी सांगतलं, बरं केलं. आता कोनाले नका सांगू. पोरीची फी भराची हाय.''

म्हणजे आता चूक लिहून घ्यायला कागद तयार होता, खाली खरी सही होती, आणि त्यांनाच तो परत करावा लागत होता. मी कागद पर्समध्ये टाकला. आणि मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, अगदी अंगातून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं. बुलढाण्याला जायला नको, कुणापुढे उभं राहायला नको, नोकरी शाबूत. मी चेहरा सावरला, पण उशीर झाला होता. ते माझ्याकडेच पाहत होते.

''तुमाले बरं वाटलं ना मॅडम?''

टोमणा मारायचा तर आवाजात तेवढा दम तरी हवा. तो त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं.

''हो,'' मी म्हणाले.

''मंग चांगलं झालं,'' दामूभाऊ म्हणाले. ''एकाले तरी.''

ते उठले. चहा ठेवतो म्हणाले. उंबरठ्याशी चौकट धरून थांबले, श्वास मिळेपर्यंत पाठमोरे तसेच उभे राहिले, आणि मग आत गेले.